रेकॉर्डला टाकलेला माणूस

सरकारी कचेऱ्यांत एक वाक्प्रचार वारंवार ऐकू येतो : "त्याला रेकॉर्डला टाकले." एखादा कारकून साहेबांना नकोसा झाला, कोणाशी भांडला किंवा नुसताच सरळ निघाला, की त्याची रवानगी अभिलेख कक्षात होते. ज्या टेबलापुढे माणसांची रांग लागते आणि दिवसातून चार वेळा चहा येतो, ते टेबल सुटते आणि वाट्याला येते एक अंधारी खोली, लोखंडी मांडण्या, लाल कापडात बांधलेले गठ्ठे आणि धूळ. यातील क्रियापदाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. "नेमले" असे कोणी म्हणत नाही, "टाकले" असे म्हणतात. घरातील मोडकी खुर्ची माळ्यावर टाकावी तसे.

अशा एका टाकलेल्या माणसाविषयी मला लिहायचे आहे. त्यांचे नाव मी देणार नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. त्यांना सारे "रेकॉर्डवाले काका" म्हणतात, तेवढे पुरे. १९८५ साली ते आपल्या जिल्ह्यातील एका कचेरीत शिपाई म्हणून लागले. वर्षभरात अभिलेख कक्षात गेले, तेथेच कारकून झाले आणि २०१८ साली तेथूनच सेवानिवृत्त झाले. मधल्या काळात दोन वेळा त्यांना चांगल्या टेबलावर येण्याविषयी विचारण्यात आले. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. कचेरीत त्यांची गणना वेड्यांत होई.

अभिलेख कक्षात काय काम असते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. निकाली निघालेला प्रत्येक कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत पडतो. अ म्हणजे कायमचा जपायचा, ब तीस वर्षे, क दहा वर्षे (त्यात पाच वर्षांचा एक पोटवर्ग आहे) आणि ड वर्षभरात नष्ट करायचा. ऐकायला सोपे वाटते. पण कोणता कागद कोणत्या वर्गात टाकायचा हे त्या दिवशी टेबलावरचा कारकून ठरवतो, आणि तो घाईत असतो. चुकून ड लिहिले गेले तर एखाद्याच्या जमिनीचा पुरावा पुढच्या वर्षी रद्दीत जातो. चुकून अ लिहिले तर चहाच्या बिलाला अमरत्व मिळते. काका सांगतात की त्यांनी स्वतः १९६० सालच्या एका चहाच्या बिलाची वाळवी अनेकदा झटकली आहे!

वाळवी, कसर, उंदीर आणि गळके छप्पर हे या खात्याचे चार शत्रू. काका मांडण्या भिंतीपासून हातभर दूर ठेवीत. पावसाळ्यापूर्वी कडुनिंबाचा पाला वाळवून गठ्ठ्यांत घालीत. डांबराच्या गोळ्यांसाठी मंजुरी मागितली तर ती यायला दिवाळी उजाडे, म्हणून त्या ते पदरच्या पैशाने आणीत. वर्षातून एकदा प्रत्येक गठ्ठा सोडून, झटकून, उन्हाची तिरीप दाखवून पुन्हा बांधायचा. असे हजारो गठ्ठे. त्यांना आज दम्याचा त्रास आहे आणि तो कोठून आला हे सांगायला डॉक्टरची गरज नाही.

पण मराठवाड्यातील अभिलेखापालाचे खरे अवघड काम याहून वेगळे आहे. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. माणसे आली, पण कागद उर्दूतच राहिले. ते उर्दूही छापील नव्हे, तर शिकस्ता म्हणतात तशा घाईच्या मोडक्या वळणाचे. त्यात मुन्शी नुक्ते द्यायला विसरतो, किंवा कंटाळा करतो. नुक्ते गेले की "प"चा "ब" होतो, गावाचे नाव बदलते, आणि माणसाची जातही बदलू शकते. हिशेबाचे आकडे सियाक पद्धतीने काढलेले, म्हणजे दिसायला अक्षरे आणि असायला रकमा. वर तारखा फसली. काकांनी मला शिकवलेला पहिला धडा हाच : फसली सनात ५९० मिळवायचे, आणि डिसेंबर उलटला की ५९१. वर्ष सुरू होते ऑक्टोबरात, आजर महिन्यापासून. मग दै, बहमन, इस्फंदार अशी यादी, जी आमच्या आजीला अजूनही अर्धीमुर्धी पाठ आहे.

हे सारे काकांना कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नाही. ते लागले तेव्हा कचेरीत निजामाच्या अमदानीत शाळा शिकलेले एक म्हातारे पेशकार होते. त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षे उरली होती. काका दुपारच्या सुटीत डबा खाऊन त्यांच्याजवळ पाटी घेऊन बसत. तिशीच्या उंबरठ्यावरचा शिपाई अलिफ-बे गिरवतो आहे, याची कचेरीत बरीच थट्टा झाली. ते पेशकार गेल्यावर साऱ्या इमारतीत ते कागद वाचू शकणारा एकच माणूस उरला, आणि तो रेकॉर्डला टाकलेला होता.

मग २०२३ साल आले. गोदावरीच्या पलीकडे, शहागडचा पूल ओलांडला की जवळच असलेल्या अंतरवाली सराटीत त्या वर्षी काय घडले, हे गेवराईच्या माणसाला सांगायला नको. ऑगस्टअखेर उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्याच महिन्यात शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातील कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. आरक्षणाच्या वादात मी येथे शिरत नाही. आपल्या वर्गात दोन्ही बाजूंचे मित्र आहेत आणि आपल्याला एकाच बाकावर बसायचे आहे. मला फक्त त्या शोधाविषयी बोलायचे आहे. शासनाने तपासायच्या कागदांची जी यादी काढली ती वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, खरेदीखते, दत्तकपत्रे, जन्ममृत्यूची रजिस्टरे, पोलिसांचे पंचनामे, तुरुंगातील कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्या. ज्या खोलीत साहेब लोक रुमाल नाकाला लावल्याशिवाय जात नसत, तिच्या दारात एकाएकी मोटारी उभ्या राहिल्या. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. समितीला हैदराबादेलाही जावे लागले, कारण संस्थानच्या वरच्या कचेरीचे दप्तर तिकडेच राहिले आहे. राज्यभरात पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे पुढे शासनाने जाहीर केले. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयानंतर तर "हैदराबाद गॅझेट" हा शब्द पोराटोरांच्या तोंडी झाला.

निवृत्त होऊन पाच वर्षे झालेल्या काकांच्या घरीही त्या वेळी जीप आली. त्यांनी अट घातली ती मानधनाची नव्हे. ते म्हणाले, "गठ्ठा सोडणारा माणूस मी सांगीन तसाच तो बांधील." कारण घाईने गठ्ठे सोडणारे पुष्कळ असतात. सापडले की नाचतात, आणि बाकीचे कागद तसेच पसरून जातात.

येथे माझा स्वतःचा प्रसंग सांगणे भाग आहे. त्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही.

त्या हिवाळ्यात मी बारावीत होते. आईवडील नेहमीप्रमाणे दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते, आणि मी आजीपाशी राहत होते. मला जातीचा दाखला हवा होता. दाखला नसेल तर शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही म्हणजे कॉलेज नाही. वडील बोलले नव्हते, पण पुढच्या हंगामात घरात एक कोयता वाढेल की काय, याचा हिशेब मी मनात करीत असे. आमच्यासारख्या भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७चा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०चा. एका कचेरीत मला सांगण्यात आले, "आजोबाचा नाहीतर पणजोबाचा शाळेचा उतारा आण." मी म्हणाले, ते शाळेत गेले नाहीत. "मग जमिनीचा आण." जमीन नव्हती. "मग आम्ही काय करणार?"

मला त्या कारकुनाचा राग आला नाही, आणि आजही नाही. पण या प्रश्नोत्तरातील विपरीतपणा वाचकांनी पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या शाळा मिळाली नाही म्हणून ज्यांना सवलत द्यायची, त्यांच्याकडून ती देण्यासाठी शाळेचाच कागद मागायचा! ज्याचा आजा शिकला त्याला एका दिवसात उतारा मिळतो. ज्याचा आजा रानोमाळ फिरला त्याने काय दाखवावे? आपल्या वर्गातील किमान पाच-सहा जण या दारातून गेलेले आहेत, हे मी त्यांच्याशी बोलून लिहीत आहे.

काकांना कोणी तरी माझ्याविषयी सांगितले. त्यांनी मला समोर बसवून पणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि ते कोणकोणत्या शिवारात पाल ठोकीत, हे विचारले. तिसरे मी आजीला विचारून आले. जमिनीच्या आणि शाळेच्या गठ्ठ्यांकडे ते वळलेच नाहीत. "तुमची माणसं तिथं सापडायची न्हाईत," ते म्हणाले. "सरकार तुमच्याकडं कशासाठी बघत होतं, ते आधी बघावं लागतंय." सतरा दिवसांनी त्यांना एक मिसल सापडली. खुर्दाद १३५६ फसली, म्हणजे १९४७चा उन्हाळा. गावाबाहेर संशयास्पद रीतीने उतरल्यावरून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितलेल्या चार इसमांत माझे पणजोबा तिसरे होते. नाव, बापाचे नाव, जात, वय अंदाजे २५, धंदा "काही नाही", आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

इंग्रजी मुलुखात १८७१ सालापासून गुन्हेगार जमातींचा कायदा होता आणि तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. निजामाच्या मुलुखातील नजरही फारशी निराळी नव्हती. पण पुस्तकातील ती ओळ आणि तो ठसा यांत फार अंतर आहे. आमच्या घराण्याची पहिली लेखी नोंद शाळेत नाही, सातबाऱ्यावर नाही, ती संशयितांच्या यादीत आहे. आणि त्याच नोंदीवर मी आज या महाविद्यालयात बसले आहे. याचा अभिमान वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वडिलांना फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, "ते लोकांना दाखवावं लागल का?" आजी मात्र म्हणाली, "वय बराबर लिवलंय त्यांनी."

आता खरी गोष्ट. ती मिसल मुदत संपलेल्या गठ्ठ्यात होती. नियमाने ती कधीच नष्ट व्हायला हवी होती. काकांच्या आधीच्या कोणी तरी रद्दीची यादी करून मंजुरीसाठी पाठवली होती आणि ती मंजुरी आलीच नाही! पुढे काकांच्या काळात पुन्हा यादी मागवली गेली, तेव्हा हा गठ्ठा त्यांनी "तपासणी बाकी" अशी चिठ्ठी लावून मागे सारला. का, असे मी विचारले. "नावं होती त्यात माणसांची," ते म्हणाले. यापलीकडे त्यांना ते समजावून सांगता येत नाही. मराठवाड्याचा निम्मा इतिहास कोणाच्या तरी आळसाने आणि उरलेला अशा कोणाच्या तरी हट्टाने वाचला आहे, असे मला वाटू लागले आहे.

कोणी म्हणेल, एका कारकुनाचे एवढे कौतुक कशाला? मान्य. सगळेच अभिलेखापाल काकांसारखे नसतात. नकलेसाठी चार चकरा मारायला लावणारे आणि "कागद सापडत नाही" हे वाक्य विकून घर चालवणारे लोकही याच खोल्यांत बसतात, हे गावातील शेंबडे पोरही सांगेल. पण माझा मुद्दा त्यामुळे उलट बळकट होतो. ज्या जागेवर एका माणसाच्या इच्छेने पिढीचे नशीब फिरू शकते, त्या जागेवर आपण नको असलेली माणसे टाकतो. मग त्यांतील काही सूड घेतात, यात नवल ते काय?

हे काम हलके समजण्याची चाल जुनी आहे, पण सार्वत्रिक नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी १५९५ साली दप्तरखाना उभारला तेव्हा दियोगु द कोउतु या नामांकित इतिहासकाराला त्यावर नेमले. त्याच दप्तरखान्याची सूत्रे विसाव्या शतकात सत्तरीतील पिसुर्ले गावात १८९४ साली जन्मलेल्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांकडे आली. सुमारे तीस वर्षे ते त्या कागदांत बसले. १९५५ साली त्यांनी त्या साऱ्या दप्तराची मार्गदर्शिका छापली, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांविषयी आज आपण जे जाणतो त्यातील मोठा भाग त्यांच्या हातून आला आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराची कथाही तशीच बोलकी आहे. इंग्रजांनी ते जपले ते प्रेमाने नव्हे. इनाम कमिशनला लोकांच्या इनामांची छाननी करायची होती, म्हणून हे कागद हवे होते. पुढे रियासतकार सरदेसायांनी त्यातून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आपण सरदेसायांचे नाव घेतो आणि ते घेतलेच पाहिजे. परंतु ते येईपर्यंत शंभरांहून अधिक वर्षे ते रुमाल ज्यांनी सोडले-बांधले, त्यांची नावे कोणाच्या ओठावर आहेत?

दुसरा आक्षेप आमच्या वर्गातूनच येतो : आता सगळे संगणकावर आले आहे. सातबारा मोबाइलवर दिसतो, मग जुने गठ्ठे कशाला? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून फायली जळाल्या, तेव्हा प्रती असण्याचे महत्त्व साऱ्यांना कळले, आणि स्कॅनिंग व्हावे असे मलाही वाटते. पण स्कॅन म्हणजे फोटो. न वाचता येणाऱ्या कागदाचा फोटो काढला तर न वाचता येणारा फोटो मिळतो. माझ्या पणजोबांचे नाव टंकून कोणत्याही यंत्रात ती मिसल सापडली नसती, कारण फेरिस्तीत तिच्यापुढे फक्त "चार इसम" असे लिहिले आहे. पालांची जागा विचारून उत्तर काढणारा माणूस लागला. शिवाय स्कॅन झाले म्हणून मूळ कागदाकडे दुर्लक्ष करण्याची जी घाई दिसते, तिची मला भीती वाटते. कायदा नाही असे नाही. केंद्राचा १९९३चा आणि महाराष्ट्राचा २००५चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. परंतु कायद्याला वाळवी झटकता येत नाही.

आमच्या इतिहासाच्या सरांशी या विषयावर माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे, शिकस्ता उर्दू आणि मोडी शिकणे हे पदव्युत्तर संशोधकाचे काम आहे, बी. ए.च्या मुलांना परीक्षेचाच अभ्यास झेपत नाही. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमत आहे. काका सातवी पास आहेत. नुक्ते शिकायला पदवी लागत नाही, रोज अर्धा तास लागतो. आणि आपल्या जिल्ह्यात हे वाचणारी माणसे आता सत्तरीच्या घरात आहेत. आपण पदव्युत्तर होईपर्यंत ती थांबतील, याची हमी कोण देणार? २०२३ साली जी धावपळ झाली तशी उद्या आणखी कोणत्या कारणाने होईल : जमिनीचा मोबदला असेल, नागरिकत्व असेल, वारस असेल. तेव्हाही जीप घेऊन म्हाताऱ्यांच्या दारात उभे राहायचे का?

सध्या आम्ही चौघे जण रविवारी काकांकडे जातो. उर्दू शाळेतून आलेली एक मैत्रीण आम्हाला अक्षरे शिकवते आणि काका ती अक्षरे मुन्शी लोकांनी कशी मोडली ते शिकवतात. मैत्रिणीला शुद्ध लेखनाची सवय असल्याने ती सुरुवातीला आमच्यापेक्षा जास्त अडखळली! पाच महिन्यांत मला फसली महिने, गावांची नावे आणि "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढे न चुकता वाचता येते. काकांनी आपल्याजवळचे जुने कोरे नमुने सरावाला दिले आहेत. त्यांना दम लागतो म्हणून दोन तासांच्या वर बसत नाही. बैठक सकाळी नऊला असते, परीक्षेच्या काळात बंद. ज्यांना यायचे असेल त्यांनी द्वितीय वर्षाच्या वर्गात मला भेटावे, आणि सोबत पाटी आणावी. वही काका चालू देत नाहीत.